मुस्तफा, म्हशी आणि साडेतीन इंची पडदा

सोमवार, रात्री

जुने गेम खेळायला हातातलं मशीन घ्यायचं, हे नक्की. कुठलं, यावर गाडं अडलंय. ज्याला विचारावं तो प्रोसेसरपासूनच सुरुवात करतो. पीएस-टू, गेमक्यूब अशा टीव्हीला जोडायच्या मशीनचे गेम चालतात का, दोन वर्षांनी काय काय चालेल. अरे, पण मला त्यातलं काही खेळायचंच नाही. माझ्या मागण्या दोन आहेत. एक, मुस्तफा नीट चालला पाहिजे. दोन, निंटेंडोच्या जुन्या हातातल्या मशीनसाठी, म्हणजे गेम बॉयसाठी, मी घरी बसून लिहिलेला खेळ त्यावर टाकता आला पाहिजे, तोही कुणाची परवानगी न काढता.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या व्हिडिओ गेम पार्लरात हे खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातला टोपीवाला मुस्तफा पळत येऊन लाथ घालायचा, म्हणून तोच सगळ्यांना पाहिजे असायचा. त्या पार्लरातल्या कपाटाएवढ्या मशीनच्या पोटात मोटोरोला ६८००० हा जुना प्रोसेसर होता. आजचं सगळ्यात स्वस्त चिनी हँडहेल्डसुद्धा ते ओझं आरामात उचलतं. म्हणजे पहिली मागणी बाजारातली जवळजवळ सगळीच मशीनं पुरी करतात. खरी चाळण दुसरीच्या वेळी लागते.

मंगळवार

म्हशींचं आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर नक्षी. मालक मोटरसायकल रेस करत पुढं जातो आणि म्हैस त्या आवाजामागं उधळल्यासारखी पळत सुटते. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. माझा खेळ एवढाच आहे. तुम्ही गाडीवर, म्हशी मागं. गाडी फार पुढं गेली तर म्हैस थांबते, फार जवळ राहिली तर शिंग लागतं. अंतर राखायचं आणि मधे घुसणाऱ्या रिक्षा चुकवायच्या.

लिहितोय मूळ गेम बॉयसाठी, १९८९ च्या. सी भाषेत, जीबीडीके-२०२० हे गेम बॉयचे खेळ लिहायचं साधन वापरून. दिवसभर कारखान्यात व्हीएमसीला, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनला, जी-कोडच्या आज्ञा भरवणाऱ्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. इथंही प्रत्येक गोष्ट आकड्यात आणि जागेत सांगावी लागते. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणजे राखाडीच्या चार छटा. सगळं चित्र आठ बाय आठच्या चौकटींचं, आडव्या वीस आणि उभ्या अठरा. कामाची मेमरी आठ केबी. अख्खा खेळ सध्या ३२ केबीत बसलाय, सकाळी ग्रुपवर पडणाऱ्या एका 'शुभ सकाळ'च्या फोटोपेक्षा लहान.

आज तिसरी म्हैस गायब झाली. गेम बॉय हलत्या चित्रांचे एका आडव्या ओळीवर दहाच तुकडे दाखवतो. पडद्यावर एकूण चाळीस चालतात, पण एका ओळीवर दहा. माझी म्हैस ३२ ठिपके लांब, म्हणजे चार तुकडे. गाडी दोन तुकडे. दोन म्हशी आणि गाडी एका रांगेत आली की चार, चार आणि दोन, कोटा भरला. तिसरी म्हैस त्याच रांगेत आली तर ती असते, तिची धडकही बसते, फक्त दिसत नाही. भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, भुताची म्हैस! ऱ्हाऊ दे की तशीच." मोह झाला, पण तिला सोळा ठिपके खालच्या पट्ट्यात ढकललं.

दुसरं काम पाट्यांचं. रस्त्यावर 'गंगावेश' अशी पाटी हवी. देवनागरी आठ बाय आठमध्ये कोंबली की मुंग्यांसारखी दिसते, म्हणून एका अक्षराला खाली-वर दोन चौकटी दिल्या. वरचे चार ठिपके मात्रा-अनुस्वाराला, खालचे चार उकाराला, मधे अक्षर. शिरोरेघ मात्र फुकटात जमली. प्रत्येक चौकटीत त्याच उंचीवर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक रेघ मारली की शेजारच्या दोन चौकटी आपोआप जुळतात. इंग्रजी अक्षरांना हे सुख नाही.

गुरुवार

आता मशीन. कागद-पेन घेऊन बसलो आणि प्रोसेसरचा रकाना सरळ खोडून टाकला. फक्त पडद्याचे ठिपके लिहिले आणि त्यांना १६० बाय १४४ नं भागत गेलो; माझं चित्र पूर्ण पटीत, दुप्पट-तिप्पट असं बसलं तरच रेघा सारख्या राहतात. ही एवढी कसोटी लावली की यादी झरझर खाली येते.

सोनीची पीएसपी पहिल्यांदा, कारण मनातून तीच हवी होती. २००४ ची, हातात घेतली की अजूनही वजनदार आणि देखणी. घरगुती प्रोग्रॅमवाल्यांचा गोतावळाही तिचा मोठा. जपानी मशीनच्या १.०० फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या पहिल्या सिस्टीमवर, तर सोनीच्या मंजुरीची सही नसलेला प्रोग्रॅम थेट चालायचा. पुढं सोनीनं दारं बंद केली आणि लोकांनी ती परत परत उघडली. पण तिचा पडदा ४८० बाय २७२. उंचीत १४४ फक्त एकदा बसतं, दुप्पट केलं तर २८८ होतात. म्हणजे एक तर माझा खेळ मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा बघा, नाहीतर ताणून बघा. वर सेकंडहँड पीएसपीची बॅटरी हा जुगार. फुगलेल्या बॅटरीनं मागचं झाकण उचलून धरलेलं एक मशीन मला दाखवलं गेलं, वर "बॅटरी नवी आहे" हेही ऐकवलं गेलं.

सोनीचीच पुढची व्हिटा, २०११ ची. पहिल्या मॉडेलचा ओलेड पडदा बघून जीव जातो. ९६० बाय ५४४, पीएसपीच्या बरोबर दुप्पट, त्यामुळं पीएसपीचे गेम त्यावर काटेकोर बसतात. २०१६ मध्ये सोनीचं कुलूप उघडणारं हेनकाकू आलं आणि तीही मोकळी झाली. सोनीनं मेमरी कार्ड मात्र स्वतःचंच आणि महाग ठेवलं होतं. लोकांनी गेम घालायच्या खाचेत साधं मायक्रोएसडी बसवणारा तुकडा बनवला. गेम बॉय तिप्पट होऊन बसतो, चालण्यासारखं. पण माझ्या ३२ केबीसाठी व्हिटा घेणं म्हणजे हौसच.

खरा गेम बॉय किंवा ॲडव्हान्स घ्यावा का? गेम बॉय ॲडव्हान्स २००१ मध्ये आला तेव्हा पडद्याला उजेडच नव्हता; दिवा आला २००३ च्या एसपीत. जुलैत आपल्याकडं दुपारी चारला घरात ट्यूब लावावी लागते. नको.

राहिली नवी चिनी मशीनं, लिनक्सवर चालणारी. यात ६४० बाय ४८० चा साडेतीन इंची पडदा जणू ठरूनच गेलाय. मियू मिनी प्लसला तोच, अँबर्निकच्या आरजी ३५ एक्सएक्स घराण्यालाही तोच. भागाकार सुंदर येतो. गेम बॉय तिप्पट, ४८० बाय ४३२. जुना फॅमिकॉम म्हणजे आपला कॅसेटवाला व्हिडिओ गेम, २५६ बाय २४०, दुप्पट केला की उंची तंतोतंत भरते. पहिल्या प्लेस्टेशनचा ३२० बाय २४० दुप्पट केला तर चारी बाजू भरतात. ॲडव्हान्सचा २४० बाय १६० मात्र दुप्पट करून चारी बाजूंना ८०-८० ठिपके मोकळे राहतात. ज्याला फक्त ॲडव्हान्सच खेळायचाय त्यानं ७२० बाय ४८० चा आरजी ३४ एक्सएक्स बघावा, त्यावर तो बरोबर तिप्पट बसतो. पॉवकिडीच्या आरजीबी ३० चा ७२० बाय ७२० चौकोनी पडदा माझ्या खेळाला चौपट जागा देतो, पण मुस्तफाला खाली-वर काळे पट्टे. माझ्यासाठी तो तिथंच बाद.

कंपासपेटीतली पट्टी काढून एक हिशेब आणखी केला. साडेतीन इंची पडद्यावर ४८० ठिपके म्हणजे साधारण ५३ मिलिमीटर रुंद आणि ४८ उंच चित्र. मूळ गेम बॉयचा पडदा ४७ बाय ४३. म्हणजे काळी चौकट सोडूनसुद्धा माझी म्हैस खऱ्या गेम बॉयपेक्षा थोडी मोठीच दिसणार.

शुक्रवार

आमच्या शिफ्टमधल्या एका पोराकडं मियू मिनी प्लस आहे. जेवणाच्या सुट्टीत मागून घेतला. हाताला कूलंटचा वास होता, चिंधीनं नीट पुसून मगच धरला. पोराचं लक्ष माझ्या बोटांवर.

कार्ड काढलं, माझी फाइल टाकली, कार्ड परत घातलं, यादीत नाव आलं, चालू. कुठं खातं उघडायचं नाही, कुणाची सही नाही. होमब्रू, म्हणजे घरी बसून गेम करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे! म्हशी गंगावेशीतून पळाल्या आणि चार टाळकी भोवती जमली. एकानं विचारलं, "ह्यात मालकाला लायसन लागतंय का?"

पण पाटी बघून मी दचकलो. काही ओळींची शिरोरेघ बारीक, एकीची जाड. पोरानं चित्र उंचीभर ताणून ठेवलं होतं. १४४ चे ४८० करायचे म्हणजे ३.३३ पट, पण ठिपक्याचा एकतृतीयांश तुकडा कुठल्याच पडद्याला दाखवता येत नाही. मग यंत्र दोन ओळींना तीन-तीन ठिपके देतं आणि तिसरीला चार. माझ्या मजकुराच्या ओळी सोळा-सोळावर आहेत, सोळाला तीननं भागलं तर बाकी एक, म्हणून दर तिसऱ्या ओळीची शिरोरेघ जाड. उभ्या काठ्यांचंही तेच, एक काना सडपातळ, पुढचा पोट सुटलेला. मारिओच्या ढगात हे कुणाला दिसत नाही. देवनागरीत लगेच डोळ्यात खुपतं. सेटिंगमध्ये जाऊन 'इंटिजर स्केल', म्हणजे फक्त पूर्ण पटीत मोठं करणं, चालू केलं, चित्र थोडं आक्रसलं, रेघा सरळ झाल्या. पोरगा म्हणाला, "आता कडंनं काळं दिसतंय की." दिसू दे.

मग चार दिशांचं बटण. हे कागदावर कधीच कळत नाही. उजवं दाबून ठेवून अंगठा किंचित वर लोटला. माझ्या खेळात वर दाबलं की गाडी पट्टा बदलते. चांगल्या बटणावर अंगठा खरंच वर गेल्याशिवाय पट्टा बदलत नाही; ढिल्या बटणावर नुसता घाम फुटला तरी गाडी उडी मारते. हे बटण चांगलं निघालं. मशीन मात्र उभं, गेम बॉयसारखं, आणि माझे पंजे मोठे. खांद्यावरची बटणं मागच्या बाजूला आहेत, तिथं बोटं एकमेकांवर चढली.

रविवार

भाचा सकाळपासून इथंच. त्याचा मुद्दा एकच, "मामा, फोनवर चालतंय की सगळं." चालतंय. पण काचेवर अंगठा कुठं आहे ते अंगठ्याला कळत नाही, आणि मुस्तफात एकावेळी दोन गुंड अंगावर आले की आपलाच अंगठा आपल्या आड येतो. त्याला समजावत बसलो नाही. टीव्हीला जोडून दोघांना खेळता येईल म्हटल्यावर त्यानं बाजू बदलली.

त्यानं घोडं पुढं ढकललं. मियूला टीव्हीची तार नाही. अँबर्निकच्या आरजी ३५ एक्सएक्स एचला मिनी एचडीएमआय आहे, बाहेरचं कंट्रोलर लागतं, मशीन आडवं आहे, कार्डाच्या खाचा दोन. एका कार्डावर सिस्टीम, दुसऱ्यावर आपले गेम. मूओएससारखी लोकांनी बनवलेली सिस्टीमही त्यावर घालता येते. ऑर्डर टाकली.

सोबत येणाऱ्या कार्डाचं काय करायचं तेही ठरवून टाकलं. ही मशीनं हजारो गेम भरलेलं बिननावाचं कार्ड देतात. ते कार्ड लवकर मरतं, हे एक. दुसरं, इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याचा गेम उतरवून वाटणं वेगळं. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील न्यायालयानं इम्युलेटरवाल्याच्या बाजूनं कौल दिला होता. २०२४ मध्ये मात्र युझू या इम्युलेटरच्या मंडळींनी निंटेंडोशी तडजोड करून २४ लाख डॉलर कबूल केले आणि दुकान आवरलं. मी काही साधुपुरुष नव्हे, मुस्तफा कुठल्या दुकानात विकत मिळतो ते मला कुणी विचारू नये. पण नऊ हजार गेमच्या यादीत स्वतःचा खेळ शोधत बसायचं मला नकोय. चांगल्या कंपनीचं कार्ड आणलंय, त्यावर पन्नासेक नावं पुरे.

संध्याकाळी भाच्यानं नवं काढलं. म्हशीची शिंगं रंगीत पाहिजेत, पाडव्याला काय राखाडी असतात का? मागणी रास्त आहे. म्हणजे आता गेम बॉय कलर. तिथं हलत्या चित्रांना आठ रंगपेट्या, प्रत्येकीत तीन रंग आणि चौथा पारदर्शक. अंगाला काळा, करडा, पांढरा यांतच तिन्ही रंग संपतात, त्यामुळं शिंगाच्या तुकड्याला वेगळी पेटी द्यावी लागेल. शिंग आणि डोकं सध्या एकाच तुकड्यात आहे. म्हशीचं तोंड परत काढायला बसलोय, आणि भाचा मागून सांगतोय की एका शिंगाला भगवा आणि दुसऱ्याला हिरवा पाहिजे.