धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडताना: दाण्यांइतकंच लक्ष सायकलकडे हवं

नवा अधिशोषक, म्हणजे वायू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा सच्छिद्र पदार्थ, जाहीर झाला की सोबत एक आकडा येतो: २५ अंश सेल्सिअस, १ बार दाब, शुद्ध कार्बन डायऑक्साइड, आणि एक किलो पदार्थात इतके मोल. झिओलाइट १३एक्स या नेहमीच्या स्फटिकी अधिशोषकाचा हा आकडा साडेचार-पाच मोलच्या आसपास असतो. कारखान्याच्या धुरांड्याशी त्याचा फार थोडा संबंध आहे. कोळशाच्या बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे त्याचा आंशिक दाब जेमतेम ०.१५ बार. बाकी मुख्यतः नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन, आणि धूर ओल्या स्क्रबरमधून आला असेल तर पाण्याच्या वाफेने तो संपृक्त असतो, तापमान ५० ते ६० अंश. गॅस टर्बाइनच्या धुरात तर ३-४ टक्केच.

म्हणून मोजायची ती कामाची क्षमता: शोषताना जेवढा वायू बसतो, त्यातून बेड (अधिशोषकाच्या दाण्यांनी भरलेला स्तंभ) रिकामा केल्यावर आत उरतो तेवढा वजा. १३एक्स ०.१५ बारला किलोमागे अडीच ते साडेतीन मोल धरतो, पण व्हॅक्यूमने ०.०५ बारपर्यंत खाली आणला तरी त्यातला निम्म्याहून जास्त वायू सोडत नाही. हातात पडतो सुमारे एक मोल. पकड घट्ट असणं इथे आड येतं. उलट ॲक्टिव्हेटेड कार्बनची पकड सैल; तो चटकन मोकळा होतो, पण ०.१५ बारला मुळात धरतोच कमी. त्याची खरी जागा जास्त दाबाच्या वायूत आहे.

एक मोल कामाची क्षमता धरून हिशेब करू. तासाला १ टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे २२,७०० मोल. पूर्ण सायकल, म्हणजे वायू शोषून बेड पुन्हा रिकामा करण्याची एक फेरी, १० मिनिटांची असेल तर प्रत्येक किलो दाणे तासाला ६ मोल देतात, म्हणजे सर्व बेड मिळून जवळपास ३.८ टन अधिशोषक लागतो. सायकल ५ मिनिटांवर आणली तर निम्मा. क्षमता दुप्पट करणारा नवा पदार्थ शोधण्यापेक्षा सायकल अर्धी करणं बहुतेक वेळा सोपं असतं, आणि माझ्या मते सुधारणेची सुरुवात तिथूनच व्हावी.

सायकल छोटी करताना आधी दाण्याचा आकार अडवतो. वायू दाण्याच्या मोठ्या छिद्रांतून आत झिरपतो. त्रिज्या निम्मी केली की झिरपण्याचा वेग चौपट होतो, पण संथ प्रवाहात बेडमधली दाबाची घटही चौपट होते. हे स्वस्त नाही. १ टन कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर १५ टक्क्यांचा सुमारे ४,००० घनमीटर धूर बेडमधून ढकलावा लागतो. दाबाच्या दर ०.१ बार घटीमागे ब्लोअरला आदर्श स्थितीतही ११ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात १५-१६. म्हणून उंच-निमुळत्या बेडपेक्षा रुंद-बुटका बेड बरा. त्याहून चांगला उपाय म्हणजे समांतर पत्र्यांवर किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यावर अधिशोषकाचा थर देणं. मात्र पत्र्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. काही वाटा रुंद राहिल्या तर त्यांतून वायू आधी निसटतो.

दुसरी अडचण उष्णतेची. १३एक्सवर कार्बन डायऑक्साइड बसताना मोलमागे साधारण ३५ ते ४५ किलोज्यूल उष्णता निघते. अडीच मोल बसले की किलोमागे १०० किलोज्यूल, आणि दाण्यांची उष्माधारकता अंशामागे साधारण १ किलोज्यूल. सगळी उष्णता बेडमध्येच राहिली तर तापमान १०० अंशांनी चढेल. काही उष्णता वायू वाहून नेतो, तरी बेड कित्येक अंशांनी तापतोच आणि क्षमता घसरते. रिकामा करताना उलट घडतं: बेड गार होतो आणि वायू सुटायला तयार नसतो. प्रयोगशाळेतल्या बारीक स्तंभात हे दिसत नाही, कारण भिंतीतून उष्णता निघून जाते. मोठ्या स्तंभाचा अंदाज बांधताना उष्णता बाहेर जातच नाही असं धरा.

सायकलच्या पायऱ्यांत मोठी कमाई दडलेली आहे. चार पायऱ्यांची व्हॅक्यूम सायकल अशी: धूर खालून सोडून शोषण, मग खालचा झडप बंद ठेवून वरच्या टोकाने मधल्या दाबापर्यंत हवा काढणं, म्हणजे पोकळ्यांतला नायट्रोजन निघतो, मग खालच्या टोकाने खोल व्हॅक्यूम, हाच आपला माल, शेवटी वरून नायट्रोजन सोडून दाब पूर्ववत करणं. शेवटची पायरी महत्त्वाची आहे. उरलेला कार्बन डायऑक्साइड तिने खाली रेटला जातो आणि पुढच्या फेरीत वरून गळत नाही. मधला दाब नेमका कुठे थांबवायचा, यावर सगळं तोललेलं असतं. लवकर थांबलात तर नायट्रोजन आत राहून शुद्धता जाते. उशिरा थांबलात तर वरून माल निसटून वसुली, म्हणजे धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी हाती लागणारा वाटा, घटते. १३एक्सवर कोरड्या धुरातून ९५ टक्के शुद्धता आणि ९० टक्के वसुली एकत्र मिळते, पण त्यासाठी व्हॅक्यूम ०.०२-०.०३ बारपर्यंत न्यावा लागतो. मोठ्या पंपांना ते महाग पडतं. अशा वेळी दोन टप्पे करावेत: पहिला ०.१ बारच्या आसपास थांबून अर्धवट शुद्ध वायू देतो, दुसरा छोटा टप्पा तो ९५ टक्क्यांवर नेतो.

अधिशोषक निवडताना त्याचा नायट्रोजनचा वक्रही, म्हणजे कोणत्या दाबाला तो किती नायट्रोजन धरतो हेही, तितकाच बारकाईने पाहावा. नायट्रोजन कमी धरणारा पदार्थ कित्येकदा कार्बन डायऑक्साइड जास्त धरणाऱ्यापेक्षा उजवा ठरतो.

आता पाणी. १३एक्सच्या सोडियम आयनांना पाणी कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त प्रिय आहे. धूर आधी गार करून पाणी गाळावं, उरलेल्यासाठी धूर शिरतो त्या टोकाला सिलिका जेल किंवा ॲल्युमिनाचा थर द्यावा आणि व्हॅक्यूम त्याच टोकाने ओढावा, म्हणजे पाणी आल्या वाटेने परत जातं. बेडमध्ये वेगवेगळ्या उंचीवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) ठेवा. दर फेरीत दिसणारा तापमानाचा उंचवटा खालच्या थर्मोकपलवर हळूहळू बुटका होत गेला, तर पाणी वर सरकतंय असं समजा. भिजलेला १३एक्स कोरड्या वायूत सावकाश ३०० अंशांच्या आसपास तापवून सुकवावा. वाफेसकट घाईने तापवला तर त्याची स्फटिकरचनाच बिघडते.

काल्फ-२० हा जस्ताचा धातू-सेंद्रिय सांगाडा याच कारणासाठी मोलाचा आहे. ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो, आणि पत्र्यांवर चढवून वाफेने झटपट मोकळाही करता येतो. अमाइन (कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक बंध करणारी नायट्रोजनयुक्त संयुगं) चढवलेल्या सिलिकाला ओलावा उलट फायद्याचा, कारण कोरड्या, गरम कार्बन डायऑक्साइडमध्ये अमाइनचं युरियात रूपांतर होऊन ते निकामी होतं. पण गरम असताना ऑक्सिजन लागला तरी ते खराब होतं, आणि सल्फर डायऑक्साइड तर जवळजवळ कायमचा चिकटतो. त्याला आधीच कॉस्टिक सोड्याने धुऊन काढा.

चाचणीतल्या दोन चुका फार दिसतात. ब्रेकथ्रू, म्हणजे बेड भरून कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या टोकाने बाहेर पडू लागणं, मोजताना बाहेर पडणारा प्रवाह आत येणाऱ्याइतकाच धरला जातो. १५ टक्के वायू शोषला गेला की प्रवाहही तेवढा घटतो, म्हणून तो प्रत्यक्ष मोजावा आणि नळ्यांतली मोकळी जागा वजा करावी. दुसरी चूक पहिल्या काही फेऱ्यांवर निकाल लावण्याची. तापमान स्थिरावायला शेकडो फेऱ्या लागू शकतात. आत गेलेला आणि दोन्ही टोकांनी निघालेला कार्बन डायऑक्साइड जुळल्याशिवाय शुद्धतेचा आकडा लिहू नये. स्थिरावूनही शुद्धता कमीच राहिली तर आधी गळती तपासा: रिकामा स्तंभ व्हॅक्यूमवर नेऊन सगळे झडप बंद करा आणि दाब चढतो का पाहा. धूर पाठवणाऱ्या झडपाचं सील आतून गळत असेल तर बाहेरून साबणाच्या फेसाने ते कधीच सापडत नाही.