उथळ पाण्यातल्या बोनफिशसाठी क्रेझी चार्ली

क्रेझी चार्ली म्हणजे बोनफिश या समुद्री माशासाठी गळावर दोरा-केस बांधून केलेली नकली माशी. ती बांधायला बसण्याआधी पाणी किती खोल ते ठरवा, कारण माशीच्या डोळ्यांचं वजन त्यावरच ठरतं. घोटाभर पाण्यात डोळे नकोतच, फार तर प्लॅस्टिकचे. जड डोळे 'टप्प' वाजले की मासे पसार. गुडघाभर पाण्याला बीड-चेनचे, म्हणजे धातूच्या मण्यांच्या साखळीतले, दोन मणी, त्याहून खोल असेल तर डंबेलच्या आकाराचे पितळी डोळे.

गळ ४ ते ८ नंबरचा, स्टेनलेस. दोऱ्याचा थर देऊन मणी दांडीच्या (गळाच्या सरळ भागाच्या) वरच्या अंगाला ठेवा, गळाच्या नाकापासून (दोरी ओवायच्या भोकापासून) दोन नाकांएवढं अंतर सोडून. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं: जागा सोडत नाहीत, मग डोकं नाकावर चढतं आणि ओवायला भोकच उरत नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके आठ-दहा वेढे, मग मण्यांखालून, दांडीच्या वरून, आडवे चार-पाच वेढे करकचून. वर सुपरग्लूचा एकच थेंब. हे आडवे वेढे टाळले की दोन-चार फेकीत डोळे फिरलेच समजा.

अंगाला मोतिया टिन्सेल (चकचकीत पट्टी), त्यावर पारदर्शक नायलॉनचे लगतचे वेढे. आता गळ उलटा करून त्याच्या अणकुचीदार टोकाच्या बाजूला वासराच्या शेपटीचे केस बांधा, दांडीच्या दीडपट लांब. चिमटीत दाबल्यावर काडेपेटीच्या काडीएवढे, बस्स. दाट झुपका दिसतो छान, पण बुडतो सावकाश आणि ओढताना गरगरतो.

माशी पेलाभर पाण्यात सोडून बघा. टोक वर ठेवून तळाला गेली तर जमली. आडवी पडली तर केस कमी करा.