घरी केलेलं डिजिटल घड्याळ पुढे जातंय की मागे पडतंय, आणि का

घरी जुळवलेलं घड्याळ वेळ चुकवायला लागलं की बहुतेक जण थेट आरटीसी मॉड्यूल, म्हणजे वेळ सांभाळणाऱ्या चिपची छोटी पट्टी, बदलतात. ते बदलण्याआधी एक आकडा हातात हवा: चोवीस तासांत नेमके किती सेकंद, आणि कोणत्या बाजूला. एवढं कळलं की दोष कुठे शोधायचा हे जवळजवळ ठरूनच जातं. रोज काही मिनिटं चुकत असेल तर संशय प्रोग्रामवर किंवा रेझोनेटरवर, म्हणजे ठोके देणाऱ्या सिरॅमिकच्या तुकड्यावर, घ्यावा. रोज एक ते पाच सेकंद जात असतील तर क्रिस्टल, म्हणजे जास्त अचूक ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा, बघावा. चूक सेकंदाच्या अंशांत असेल तर ती तापमानाची किंवा क्रिस्टलच्या वयाची. आणि एरवी बरोबर चालणारं घड्याळ अचानक तासभर उडी मारत असेल, तर त्याचा अचूकतेशी संबंधच नाही, तो रिसेटचा किंवा बॅटरीचा प्रश्न आहे.

मोजण्यासाठी महागडा फ्रिक्वेन्सी काउंटर लागत नाही. लॅपटॉपची वेळ एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रमाण घड्याळावरून, लावून घ्या. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये सांभाळली जाते आणि तिचा स्वतःचा एनटीपी सर्व्हर आहे, तोच वापरावा. मग लॅपटॉपवरचे सेकंद आणि आपलं घड्याळ एकाच चौकटीत येतील असा मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा: लॅपटॉपचा सेकंद बदलल्यावर किती फ्रेमनी आपल्या घड्याळाचा बदलतो? सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. सात दिवसांनी पुन्हा तसाच व्हिडिओ घ्या आणि दोन्हींतला फरक काढा. पडद्यावर आकडा उमटायला लागणारा उशीर दोन्ही वेळा साधारण सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. एका दिवसाच्या मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. आठवडा घालवलेला परवडतो.

आता हिशेब. क्रिस्टलची चूक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, अशी सांगतात. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. २० पीपीएमचा साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास ५२ सेकंद चुकवू शकतो, आणि तरीही तो चांगलाच म्हणायचा.

आर्डुइनो उनो (आर३) या छोट्या कंट्रोलर बोर्डावर आरटीसीशिवाय घड्याळ चालवणाऱ्यांना आधी एक सांगायला हवं. बोर्डावर चकाकणारा धातूचा क्रिस्टल दिसतो तो यूएसबीच्या चिपचा असतो. मुख्य एटमेगा३२८पी चिपला मिळतो तो सिरॅमिक रेझोनेटर, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ७ मिनिटं १२ सेकंद. त्यावर प्रोग्रामची भर पडते. ‘डिले १०००’ (हजार मिलिसेकंद थांब) लिहून सेकंद मोजले आणि डिस्प्ले लिहायला दर फेरीला ५ मिलिसेकंद गेले, तर दिवसाला आणखी सात मिनिटं मागे. ‘मिलिस’, म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन, वापरतानाही हाच सापळा आहे. सेकंद झाल्यावर ‘मागची वेळ = आत्ताची वेळ’ असं लिहिलं की प्रत्येक वेळचा छोटा उशीर कायमचा साठत जातो. ‘मागची वेळ += १०००’ असं लिहिलं की साठत नाही. प्रोग्रामची अशी चूक घड्याळाला नेहमी मागेच पाडते, रेझोनेटर मात्र दोन्हीकडे नेऊ शकतो. घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जात असेल तर ओळी तपासत बसू नका.

खरी मेहनत लागते ती डीएस१३०७ ही आरटीसी चिप आणि ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर. ही चिप १२.५ पिकोफॅरड लोडच्या (ठरलेल्या वेगासाठी लागणाऱ्या कपॅसिटन्सच्या) क्रिस्टलसाठी बनलेली आहे आणि लागणारे कपॅसिटर तिच्या पोटातच आहेत. मायक्रोकंट्रोलरच्या सवयीने बाहेरून २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले की क्रिस्टलवर ११ पिकोफॅरडचा जादा भार पडतो आणि घड्याळ मागे पडतं. जुन्या भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला क्रिस्टल लावला तर तो ६ पिकोफॅरडचा असण्याची शक्यता असते. तोही या चिपवर मागेच पडतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटा क्रिस्टल घेताना नुसतं ‘घड्याळाचा क्रिस्टल द्या’ म्हणू नका, लोड विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पाकिटावर लोड छापलेला असेल तोच घ्या.

घड्याळ दिवसाला बरेच सेकंद पुढे जात असेल तर पहिला संशय गोंगाटावर. क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये अगदी क्षीण सिग्नल असतो. शेजारून सेव्हन सेगमेंट डिस्प्लेची मल्टिप्लेक्सिंगची (अंक आळीपाळीने उजळवणारी) किंवा आयटूसीची (चिपशी बोलणारी) तार गेली तर तिचे झटके चिप जादा ठोके म्हणून मोजते. सोल्डर न करता जोडणी करायच्या ब्रेडबोर्डवर हे हमखास होतं, शिवाय तिथल्या पट्ट्यांचे काही पिकोफॅरड वेगळेच. म्हणून घड्याळाचा हा भाग ब्रेडबोर्डवर तपासूच नये. क्रिस्टल चिपला चिकटून बसवा, पाय जमतील तेवढे आखूड ठेवा, भोवती ग्राउंडचं कडं काढा आणि क्रिस्टलखालून कोणतीही तार नेऊ नका. क्रिस्टलच्या धातूच्या डब्याला ग्राउंड जोडताना सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर आतला काट्याच्या आकाराचा क्वार्ट्झ बिघडतो. साधी पातळ तार डब्यावरून वळवून तिची टोकं बोर्डावर सोल्डर केलेली बरी. शेवटी जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (सोल्डर करताना उरलेला चिकट थर) पूर्ण धुवा. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत फ्लक्सचा पिवळट थर ओल धरतो आणि क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये विजेची गळती सुरू होते. अशी घड्याळं जूनमध्ये बिघडतात आणि दिवाळीला आपोआप सुधारल्यासारखी दिसतात.

तपासताना ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलला लावू नका, प्रोबचेच दहा-बारा पिकोफॅरड वेग बदलतात. चिपच्या एसक्यूडब्ल्यू पायावर, म्हणजे ठोके बाहेर देणाऱ्या पायावर, १ हर्ट्झ काढा: डीएस१३०७च्या हेक्स (सोळा पायाच्या आकड्यांत) ०७ रजिस्टरमध्ये हेक्स १० लिहा आणि पायापासून पुरवठ्याला १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर द्या. तिथे हवं तितकं मोजा.

तापमानाचा भाग अनेक जण सोडून देतात. या क्रिस्टलचा वेग २५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो, आणि त्यापासून गरम किंवा थंड, कुठेही गेलं तरी तो मंदावतोच. घट साधारण ०.०३४ पीपीएम गुणिले अंशांतल्या फरकाचा वर्ग. पुण्यात डिसेंबरमध्ये खोली १८ अंशांवर आली तर दीड-पावणेदोन पीपीएम, म्हणजे काहीच नाही. पण मे महिन्यात चंद्रपुरात खोली ४० अंशांवर आणि बंद डब्यात आणखी १० अंश चढले, तर फरक २५ अंशांचा. तिथे घट २१ पीपीएम होते, दिवसाला पावणेदोन सेकंदांहून थोडी जास्त. डब्यातली उष्णता बहुतेकदा ७८०५ची, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या रेग्युलेटरची, असते: १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर २०० मिलिअँपिअरचा डिस्प्ले चालवला तर त्यात १.४ वॉट नुसते तापण्यात जातात. ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर वापरा आणि ७८०५ काढूनच टाका.

एवढं करूनही चूक स्थिर राहिली तर ती प्रोग्राममध्ये फेडता येते. सात दिवसांत १४ सेकंद पुढे, म्हणजे दर १२ तासांना एक सेकंद वजा. ही वजाबाकी मिनिटाच्या ३०व्या सेकंदाला करावी. ००ला केली तर मिनिट, तास, तारीख सगळंच मागे फिरवावं लागतं. आणि सेकंदाचं रजिस्टर लिहिलं की चिपचा आतला विभाजक (क्रिस्टलचे ठोके मोजून सेकंद करणारा) शून्यापासून सुरू होतो. म्हणून सेकंद नुकताच बदलला आहे, एसक्यूडब्ल्यू नुकताच खाली आला आहे, त्याच क्षणी २९ लिहायचं. मधेच कुठेही लिहिलं तर दर वेळी सेकंदाचा वेगळाच तुकडा हरवतो आणि दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते.

नवीन घड्याळ करणाऱ्याला मी सरळ डीएस३२३१ ही आरटीसी चिप घ्यायला सांगेन. क्रिस्टल चिपच्या आतच असतो, चिप दर ६४ सेकंदांनी तापमान मोजून वेग सावरते, आणि ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत राहते, वर्षाला साधारण एक मिनिट. चिपवर शेवटी ‘एसएन’ आहे की ‘एम’ ते भिंगाने बघा. ‘एम’मध्ये क्रिस्टल नसतो आणि तिची हमी ५ पीपीएमची आहे. डीएस३२३१च्या हिरव्या-निळ्या स्वस्त झेडएस-०४२ मॉड्यूलवर एक धोका आहे: त्यात सेल चार्ज करणारा २०० ओहमचा रेझिस्टर आणि डायोड असतो. ५ व्होल्टवर चालवून त्यात साधा सीआर२०३२ बटण सेल घातला, तर चार्ज होऊ न शकणारा सेल चार्ज होत राहतो, फुगतो, गळतो. ‘२०१’ लिहिलेला तो रेझिस्टर काढून टाका, मगच सेल घाला.

डीएस३२३१चाही वेग बारीक जुळवता येतो. हेक्स १० या पत्त्यावर एजिंग रजिस्टर आहे, त्यातला एक अंक म्हणजे सुमारे ०.१ पीपीएम. घड्याळ दहा दिवसांत ०.८ सेकंद पुढे गेलं तर चूक ०.९३ पीपीएम, म्हणून त्यात ९ लिहा. धन आकडा वेग कमी करतो. तेवढंच मागे पडत असेल तर उणे ९, म्हणजे हेक्स एफ७. बदल पुढच्या तापमान मोजणीला लागू होतो, म्हणून दोनेक मिनिटं थांबा आणि मग नव्याने मोजणी सुरू करा.

उडी मारणाऱ्या घड्याळात मात्र यातलं काही करायचं नाही. सेटअपमध्ये संगणकाची कंपाइल वेळ आरटीसीत भरणारी ओळ तशीच राहिली असेल तर लाइट गेली की घड्याळ दर वेळी त्याच जुन्या वेळेवर परततं. ती ओळ फक्त चिपचा ऑसिलेटर थांबला होता असं दिसलं तरच चालू द्या. पडद्यावर तासांच्या जागी १६५ दिसत असेल तर आयटूसीवर चिप उत्तरच देत नाहीये. डीएस१३०७ला ईएसपी८२६६ या वायफाय कंट्रोलरसोबत ३.३ व्होल्टवर जोडलं की असं होतं. ही चिप सेलच्या सव्वापट व्होल्टेजखाली बोलणं बंद करते आणि ३ व्होल्टच्या सेलला ती मर्यादा पावणेचार व्होल्टची आहे. डीएस३२३१ ३.३ व्होल्टवर विनातक्रार चालते.