सवाईला निघालेल्या सोलापूरकराची पिशवी

हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेदहाच्या आसपास पुण्याला पोचवते. पुण्यात डिसेंबरात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, त्याला जाणाऱ्या आम्हा सोलापूरकरांची ही ठरलेली गाडी. भिगवणच्या आसपास उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा खिडकीतून अंगावर आला की कोणी काय आणलंय ते लगेच कळतं. नुसती पातळ शाल घेऊन निघालेले इथंच पदर-उपरणं गुंडाळायला लागतात. आपल्या सोलापूरच्या डिसेंबरावर भरवसा ठेवून पुण्याची पिशवी भरायची नाही. पुण्याची रात्र सोलापूरपेक्षा सरासरी तीन-चार अंशांनी थंड असते. दुपार मात्र दोन्हीकडं सारखीच तापते.

थंडी मंडपात फारशी बाधत नाही. शेजारी माणसं असतात, वर कापड असतं. खरी बोच नंतर लागते. 1953 साली भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला आणि पुढं कितीतरी वर्षं तो रात्रभर चालायचा. ऐकणारा पहाटेच बाहेर पडायचा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यापासून रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते, तेव्हा आपल्या तिकिटाच्या दिवसाची वेळ आधी बघून ठेवावी. संध्याकाळची हुतात्मा गाणं रंगात यायच्या आधीच सुटलेली असते. परतीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्यात येते ती मध्यरात्र उलटल्यावर. मधले तीन-चार तास फलाटावर. कपडे त्या फलाटासाठी न्यायचे, मंडपासाठी नव्हे.

एकच जाड जॅकेट नेलं तर दुपारी ते हातात धरून बसावं लागतं. त्यापेक्षा तीन थर बरे. आत सुती बनियन, त्यावर ढगळ झब्बा, आणि पिशवीत पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, जो साडेसहा-सातला बाहेर निघेल. खाली सलवार किंवा पायजमा. जीन्स घालून भारतीय बैठकीत सहा तास बसणं म्हणजे शिक्षा. कमरेचा पट्टा पोटात रुततो, गुडघ्यामागं कापडाचा गोळा होतो आणि दुसऱ्या कलाकारापर्यंत पाय बधिर. साडी असेल तर मऊ सुती किंवा धुऊन वापरात आलेली इरकल. कडक काठाची रेशमी साडी मांडी घातली की फुगते आणि उठताना पायात येते. पायात सहज निघणाऱ्या चपला, पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड. चपलांसाठी वेगळी कापडी पिशवी घ्यायची आणि ती जवळच ठेवायची. दहा वाजता हजारो जोडांत आपला जोड शोधणं काही खरं नाही. कानटोपी फलाटासाठी. गाणं ऐकताना ती घातली तर तंबोऱ्याचा बारीक झंकार निम्मा जातो. मंडपात मफलर गळ्यातच राहू द्यावा.

आता चादर. सोलापुरी चादर न नेणारा सोलापूरकर आम्ही अजून पाहिलेला नाही, पण चुकीची नेणारे पुष्कळ. दुकानातून आणलेली कोरी चादर थेट नेऊ नका. गडद लाल किंवा निळा रंग पहिल्या धुण्यात सुटतो. न धुता नेली तर घामाच्या ओलीनं तोच रंग पांढऱ्या झब्ब्यावर उतरतो. निघायच्या आठवडाभर आधी थंड पाण्यात, वेगळी, एकदा धुऊन घ्या. टर्किश टॉवेलचंही तेच: नवा टॉवेल पाणी शोषत नाही, दोन-तीन धुण्यांनंतर कामाला येतो.

बैठकीत चादरीची चौपदरी घडी करायची. 60 बाय 90 इंची चादरीची 30 बाय 45 होते, एका माणसाला पुरते. त्यावर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याखाली नाही, बुडाच्या मागच्या कडेखाली. तीन-चार बोटं उंची पुरे. कंबर किंचित पुढं झुकते, गुडघे आपोआप खाली येतात, पाठ ताठ राहते. ही गुंडाळी नसली की माणूस तासाभरात मागं रेलतो, आणि मागं बसलेल्याचे गुडघे काही तक्क्या नव्हेत. फलाटावर मात्र चादर थेट फरशीवर टाकू नये. सुती कापड गारवा आणि ओल दोन्ही ओढतं. खाली वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर घातले की पदरापदरांत हवा अडकते आणि खालचा गारवा पुष्कळ तुटतो.

खाण्याचं. माणशी दोन-तीन कडक भाकरी, दोघांत शंभर-दीडशे ग्रॅम शेंगाचटणी. भाकरी कापडी पिशवीत टाकली तर दौंड यायच्या आत तिचा चुरा होतो. भाकरीपेक्षा मोठा, चपटा स्टीलचा डबा घ्यावा, किंवा दोन ताटल्यांमध्ये ठेवून फडक्यानं घट्ट बांधावी. चटणी कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं, कागदाच्या पुडीतून ते स्वेटरवर येतंच. फिरकीच्या झाकणाची बरणी हवी. आणि हा सगळा ऐवज फलाटासाठी. ऐन संथ, विलंबित ख्यालात कडक भाकरी मोडली तर तालाची सम यायच्या आधी सगळी रांग वळून बघेल. चिवड्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांचंही तसंच. त्या चुरचुरतात म्हणून चिवडा घरूनच डब्यात भरावा.

बाकी किरकोळ: लिटरभर पाणी, डास पळवायचं मलम (संध्याकाळी घोटे उघडे असले की लागतंच), चार्ज केलेली पॉवर बँक, नेहमीच्या गोळ्या, छोटी विजेरी. सगळं एका पाठपिशवीत, मांडीपुढं मावेल एवढ्याच. चाकांची बॅग बैठकीत आणणाऱ्याला काय म्हणावं! एसटीनं येणार असाल तर स्वारगेटला उतरा. महोत्सव आता मुकुंदनगरात असतो, ते तिथून जवळ आहे. आधीच्या जागेची, रमणबागेची, सवय असलेले जुने लोक अजून रिक्षावाल्याला चुकून तोच पत्ता सांगतात.

पहाटे कुर्डुवाडी गेली की स्वेटर काढायला हरकत नाही. घरी पोचल्यावर चादर लगेच घडी करून ठेवू नका. फलाटावरची ओल तिच्यात असते, दोन दिवसांत कुबट वास धरते. आधी गच्चीवरच्या दोरीवर, दुपारच्या उन्हात, दोन्ही बाजूंनी.