उंच केलेल्या पिकअपचे कोन पूर्ववत करताना

मुरबाडजवळच्या शेतावर पावसाळ्यातही रोपे आणि खत नेता यावे, म्हणून मी वापरलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतली. आधीच्या मालकाने ती पुढून सुमारे दोन इंच आणि मागून तीन इंच उंच करून घेतलेली होती. हे मला व्यवहाराच्या वेळीच माहीत असल्याने, गाडी खारघरला आणताच सस्पेन्शनची तपासणी करून घ्यायचे ठरलेले होते.

लक्षणे लपणारी नव्हती. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या चाकातून कट-कट आवाज येई, शिळफाट्याच्या कोंडीत गाडी जागेवरून सुटताना पायाखाली थरथर जाणवे, आणि पुढच्या टायरांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या झिजल्या होत्या. कळंबोलीतल्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, तेव्हा ॲक्सलच्या सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले दिसले. ते म्हणाले, "दादा, बूट आत्ता नवा टाकून देतो, पण अँगल हाच राहिला तर पाऊस संपायच्या आत परत याल." या एका वाक्यामुळे कामाचा क्रम ठरला: आधी मोजमाप, मग उंची आणि सुटे भाग शेवटी.

टायरच्या आकाराने फसगत होऊ नये, म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना घेतले आणि त्याच मॉडेलच्या, हात न लावलेल्या गाडीशी ताडून पाहिले. पुढची उंची टॉर्शन बारचे (पिळल्यावर स्प्रिंगसारखे काम करणाऱ्या लोखंडी दांड्यांचे) बोल्ट पिळून मिळवलेली होती. अशा पिळण्याने बार अधिक ताकदवान होत नाही. फक्त गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खाली जाण्यासाठी राखलेली जागा संपते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात चाकाला धरणारा वरचा आर्म रबरी स्टॉपवर आदळत राहतो. त्याच वेळी ॲक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवणारे सांधे), बॉल जॉइंट (चाक आर्मला जोडणारे सांधे) आणि टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारे दांडे) हे सगळे ज्या कोनात सतत फिरण्यासाठी बनलेले नसतात, त्या कोनात कायमचे अडकतात. टाय रॉड तिरपा झाला की चाक वर-खाली होताना त्याची दिशाही किंचित बदलते, आणि टायर रस्त्यावर घासत झिजतो.

मागे स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ब्लॉक घातलेले होते. थरथरीचे मूळ तिथेच होते. इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच हा चढउतार एकमेकांत जिरतो. ब्लॉकमुळे ती बरोबरी मोडली होती आणि शाफ्टला आधार देणाऱ्या मधल्या बेअरिंगचे रबर चिरले होते. मला अधिक गंभीर वाटली ती ब्रेकची बाब. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलला जोडलेली असते, आणि गाडीचा मागचा भाग उंच झाला की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी असते. म्हणजे खताची पोती भरलेली असतानाही मागच्या चाकांना हवा तेवढा दाब मिळत नाही. उंचीच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच निघतो, आणि तो पहिल्यांदा निघायला हवा.

ब्लॉक पूर्ण काढले, ॲक्सल पाट्यांना आवळणारे जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घातले आणि व्हॉल्व्हची दांडी मूळ मापाला बसवली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हेही मागची उंची न ठेवण्याचे एक कारण होते. पुढचे बोल्ट सैल करून गाडी मूळ उंचीवर आणली. त्यानंतरच बाहेरचे सीव्ही जॉइंट, खालचे बॉल जॉइंट, मधले बेअरिंग आणि क्रॉस बदलले. काही अंतर चालवून सस्पेन्शन बसू दिल्यावर व्हील अलाइनमेंट केले, आणि त्यात केवळ टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) नव्हे, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बरही (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) तपासून घेतले. हेडलाइटची दिशाही खाली-वर करून जुळवावी लागली.

आता वळताना आवाज नाही आणि भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते. उंचीच्या काळात ताणले गेलेले शॉक ॲब्सॉर्बर अजून गळत नाहीत, म्हणून ते ठेवले आहेत; मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगला त्यांच्यावर तेलाचा ओलावा आहे का आणि बूटांना चीर पडली आहे का, हे गाडीखाली जाऊन पाहतो.