जर्मनीतलं गाव, चहूबाजूंनी स्वित्झर्लंड

आज शाफहाउझेन या स्विस शहरातून ऱ्हाइनच्या काठाकाठाने ब्यूझिंगनला जाऊन आलो. गाव जर्मनीचं, पण सगळीकडून स्वित्झर्लंडने वेढलेलं! साडेसात चौरस किलोमीटरचा तुकडा, वस्ती दीड हजाराच्या आसपास. पिनकोड दोन, एक जर्मन, एक स्विस. कॉफीचे पैसे मी फ्रँकमध्ये दिले.

मुळाशी काय, तर भाऊबंदकी. तेव्हा गाव ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली होतं. १६९३ साली इथल्या सरदाराला, एबरहार्ट इम टुर्नला, नातलगांनीच पळवून शाफहाउझेनच्या हवाली केलं. ऑस्ट्रियाने असा डूख धरला की १७७० मध्ये शेजारची गावं झ्युरिकला विकली, पण ब्यूझिंगन सोडलं नाही; पुढे ते जर्मनीकडे गेलं. पहिल्या महायुद्धानंतर ९६ टक्के गावकऱ्यांनी स्वित्झर्लंडला कौल दिला. मोबदल्यात द्यायला स्विसांकडे सोयीची जमीनच नव्हती, त्यामुळे ते बारगळलं. शेवटी १९६७ पासून जकात स्विस आणि आयकर जर्मन!