साध्या वेगाची पुस्तके

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या पुण्यातील एका संस्थेत मी ध्वनिसंकलनाचे काम करतो. काचेपलीकडे वाचक बसतो, अलीकडे मी. अडखळलेले वाक्य पुन्हा म्हणून घेणे, पान उलटल्याचा, घसा खाकरल्याचा किंवा रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज काढून टाकणे आणि शेवटी प्रकरणांना खुणा घालून पुस्तक डेझी स्वरूपात, म्हणजे श्रोत्याला हव्या त्या प्रकरणावर जाता येईल अशा ध्वनिपुस्तकाच्या स्वरूपात, तयार करणे, एवढी माझी कामगिरी. 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे अशा आवृत्तीसाठी लेखकाच्या वारसांकडे परवानगीचे खेटे घालावे लागत नाहीत; त्यामुळे आमच्याकडे टंचाई पुस्तकांची नसून स्टुडिओच्या तासांची असते. अडीचशे पानांच्या पुस्तकाचे तयार ध्वनिमुद्रण साधारण आठ-दहा तासांचे होते आणि त्यासाठी स्टुडिओ त्याच्या दुपटीहून जास्त वेळ अडकून पडतो.

संस्थेच्या जुन्या कॅसेटपैकी बऱ्याच फितींना बुरशी लागली होती आणि त्यांवरील पुस्तके नव्याने वाचून घेण्याखेरीज गत्यंतर नव्हते. आधी कोणती घ्यायची, यावर समितीत बराच खल झाल्यावर मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने सुचवले की, कथानक कोणतेही असो, जी पुस्तके सुंदर लिहिलेली आहेत त्यांना अग्रक्रम द्यावा. सूचना सर्वांना पटली आणि तिथेच पेच पडला, कारण प्रत्येकाची सुंदर पुस्तके निराळी निघाली. अखेर श्रोत्यांनाच बोलवावे असे ठरले. मला काम मिळाले ते असे की, निरनिराळ्या पुस्तकांतील पानभर मजकूर एकाच वाचकाकडून वाचून घ्यायचा, लेखकाचे नाव सांगायचे नाही आणि सभेत तो ऐकवायचा. मी खांडेकरांची ‘ययाति’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, नेमाड्यांची ‘कोसला’ आणि जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तील एका कथेचा तुकडा, असे उतारे निवडले.

नावे न सांगण्याचा बेत पहिल्या काही मिनिटांतच फसला. ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्या वाक्याला ओळखली गेली आणि तिसऱ्या वाक्याला सभागृह हसू लागले. जी. ए. कुलकर्णींचा तुकडा सुरू होताच मागच्या रांगेतून कुणीतरी “जीए” एवढेच म्हणाले आणि इतरांनी त्यांना गप्प केले. ‘ययाति’ सर्वांनी ओळखली आणि सर्वांत मोठी दादही तिलाच मिळाली. माझ्या कागदावर त्या वेळी तिचे नाव सर्वांत वर होते आणि सभा तिथेच संपली असती, तर आमचा क्रम तासाभरात लागून गेला असता.

परंतु टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले एक काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आवडतं का, असं विचारलंत तर लोक आवडतं असंच सांगणार. तुम्ही आम्हांला वेग विचारा. कोणतं पुस्तक किती वेगानं ऐकता, ते विचारा.”

हे थोडे समजावून सांगायला हवे. आमच्या श्रोत्यांच्या यंत्रात आणि मोबाइलमधल्या अॅपमध्ये वाचनाचा वेग वाढवता येतो आणि आवाजाची पट्टी त्यामुळे चढत नाही. सरावलेला श्रोता वर्तमानपत्र दुप्पट वेगाने ऐकतो, अभ्यासाच्या नोट्स त्याहूनही जलद, कादंबरी बहुधा दीडपट. डोळस माणूस जशी पानावरून नजर फिरवतो तसेच हे. तेव्हा साधा वेग ही आमच्या श्रोत्यांकडून आपोआप मिळणारी गोष्ट नव्हे. वेग खाली आणण्यासाठी त्याला बटण दाबावे लागते आणि पुस्तकाने त्याला तसे करण्याचे काही कारण द्यावे लागते. इतकी वर्षे मी हे बटण फक्त सोय म्हणून पाहत होतो. आपल्या हातून बाहेर गेलेल्या पुस्तकांचे मूल्यमापन तिथे रोज होत असेल, असे मनात आले नव्हते.

प्राध्यापिकाबाईंनी सगळी पुस्तके त्या दृष्टीने पुन्हा विचारायला घेतली आणि उत्तरे बदलली. ‘ययाति’ अनेकदा ऐकलेल्या आणि तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या एका बाईंनी सांगितले की, त्या ती दीडपटीनेच ऐकतात आणि त्यात काही निसटल्यासारखे त्यांना वाटत नाही. मला वाटते, त्यांचे निरीक्षण खांडेकरांच्या शैलीचे मर्म सांगणारे होते. खांडेकरांचे वाक्य आपला अर्थ पुरता सांगून मगच थांबते; विचार सुभाषितासारखा बांधून हातात दिलेला असतो, आणि तो ठसावा म्हणून पुढच्या वाक्यात दुसऱ्या अलंकाराने पुन्हा येतो. मराठीला पहिले ज्ञानपीठ 1974 साली याच कादंबरीच्या लेखकाने मिळवून दिले आणि वाचकांच्या कितीतरी पिढ्यांना वाचनाची गोडी त्याच भाषेने लावली. त्यात मी काही उणे काढत नाही. एवढेच की, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तिथे फारसे काही घडत नाही आणि म्हणून ती जागा आकसली तरी श्रोत्याचे नुकसान होत नाही.

‘बनगरवाडी’ मात्र साध्या वेगाखेरीज ऐकताच येत नाही, असे एकापाठोपाठ एक अनेकांनी सांगितले. समितीतल्या एका सदस्यांना ते पटेना. छोटी छोटी वाक्ये, सोपे शब्द; ती तर जलद ऐकायला सर्वांत सोपी असायला हवी, असा त्यांचा मुद्दा होता. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून ‘ययाति’ आणि ‘बनगरवाडी’ यांच्या ध्वनिपट्ट्या एकाखाली एक लावून दाखवल्या. वरची पट्टी जवळजवळ सलग भरलेली होती. खालच्या पट्टीत आवाजाची लहान लहान बेटे आणि त्यांच्यामध्ये सरळ रेषेचे मोकळे पट्टे दिसत होते, आणि वाचक तर एकच होता. मग तोच उतारा मी दीडपट वेगाने लावला. कादंबरीच्या आरंभी तरुण मास्तर भल्या पहाटे माळावरून वाडीकडे निघालेला आहे. शब्द सगळे नीट कळत होते, पण मास्तर चालायचे सोडून धावत सुटल्यासारखा वाटू लागला आणि सभागृहात एकच हशा पिकला. माणदेशातला तो उजाड माळ माडगूळकरांनी वर्णनात जितका ठेवला आहे तितकाच दोन वाक्यांमधल्या अंतरातही ठेवला आहे, हे मला तेव्हा प्रत्यक्ष दिसले. माडगूळकरांनी पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे केले. ‘बनगरवाडी’ 1955 सालची. तेव्हा तिच्या शैलीचे श्रेय त्या नोकरीला देण्याची घाई मी करणार नाही, पण आकाशवाणीने माणूस बरोबर निवडला होता एवढे नक्की.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी सगळेच दुपटीने ऐकते. ‘स्मृतिचित्रे’ तिने तशीच ऐकली आणि लोक या पुस्तकाला का हसतात ते तिला कळले नाही. आज साध्या वेगाने ऐकल्यावर कळले, असे ती म्हणाली. लक्ष्मीबाई विनोद करीत आहोत अशी चाहूल लागू देत नाहीत. घरातला एखादा विलक्षण प्रसंग त्या भाजी निवडताना सांगावा तशा सांगतात आणि आपण हसायच्या आत पुढच्या गोष्टीकडे वळलेल्या असतात. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर जी ताटातूट त्यांच्या वाट्याला आली, तीही त्यांनी मोठे शब्द न वापरता सांगितली आहे. ऐकणाऱ्याला स्वतःचे हसू आणि स्वतःचे दुःख त्यात घालायला क्षणभराची उसंत लागते, आणि दुप्पट वेगात नेमकी तीच उसंत मिळत नाही. शाळेत फारसे न गेलेल्या बाईंचे हे गद्य आहे, हे लक्षात घेतले की शैलीचे वर्ग चालवणाऱ्यांची मला गंमत वाटते.

‘ऋतुचक्रा’च्या वेळी मी मनातून धास्तावलो होतो. महिन्यामहिन्याने बदलणारी झाडे, फुले आणि आकाश यांचे हे पुस्तक. जन्मापासून दृष्टी नसलेल्यांपुढे रंगांची एवढी वर्णने ठेवणे उचित होईल का, अशी शंका मी आधी समितीत बोलूनही दाखवली होती. जन्मांध असलेल्या एका शिक्षिकेने साध्या वेगाच्या पुस्तकांत सर्वांआधी त्याचेच नाव घेतले. “रंग मला माहीत नाहीत आणि त्याचं मला काही वाटतही नाही,” त्या म्हणाल्या, “पण ही बाई झाडापाशी किती वेळ उभी आहे, ते मला कळतं.” प्राध्यापिकाबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतले. वर्णनात्मक गद्याविषयी यापेक्षा नेमके वाक्य मी तरी ऐकलेले नाही.

‘कोसला’वर तरुण श्रोते तुटून पडले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मते ती दीडपटीनेच ऐकावी, कारण पांडुरंग सांगवीकर हा मुळात भरभर, बेफिकिरीने आणि दुसऱ्याची नक्कल करीत बोलणारा मुलगा आहे आणि वेग वाढवल्याने तो अधिकच खरा वाटतो. मला हे पटले. पण त्याच मुलांपैकी एकाने पुढे सांगितले की, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग आला की तो वेग खाली आणतो आणि तो भाग संपल्यावर बराच वेळ पुन्हा वाढवत नाही. असेच करणारे तिथे आणखी दोघे-तिघे निघाले, आणि त्यांनी एकमेकांना विचारून तसे केलेले नव्हते. 1963 साली आलेल्या या कादंबरीच्या भाषेवर किती लेख लिहिले गेले असतील. तिच्यातली भाषा कुठे बदलते हे या मुलांची बोटे बटणावर दाखवत होती.

सर्वांत जास्त वेळ जीएंवर गेला आणि तिथे एकमत झालेच नाही. बँकेत अधिकारी असताना चाळिशीत दृष्टी गमावलेल्या एका गृहस्थांचे म्हणणे असे की, जीए कानाचे लेखकच नव्हेत. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. जीएंच्या वाक्यात एका प्रतिमेतून दुसरी उगवते, ती पहिलीला वळसा घालून जाते, आणि क्रियापद येईपर्यंत सगळा भार ऐकणाऱ्याला मनात पेलून धरावा लागतो. डोळ्यांना ओळीच्या आरंभाकडे परत जाता येते, कानांना जाता येत नाही. आमच्या वाचकानेही त्यांना दुजोरा दिला. जीएंचे लांब वाक्य सुरू करण्यापूर्वी त्याचा शेवट डोळ्यांनी पाहून ठेवावा लागतो, नाहीतर आवाज मध्येच चुकीच्या ठिकाणी उतरतो, आणि त्या एका पानाला जितके रीटेक लागले तितके बाकीच्या सगळ्या उताऱ्यांना मिळून लागले नव्हते, हे मी नोंदवहीतून वाचून दाखवले. यावर फिजिओथेरपिस्ट असलेले एक मध्यमवयीन गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मी जीए पाऊण पटीनं ऐकतो.” वेग साध्याहून कमी करण्याची सोय यंत्रात आहे, पण ती कुणी वापरत असेल असे मला वाटले नव्हते. बँकवाले हट्टाला पेटले, “म्हणजे ते कानासाठी नाही हेच सिद्ध झालं!” फिजिओथेरपिस्टांच्या मते नेमके उलट सिद्ध झाले होते. अध्यक्षांनी चहा मागवला, तरी वाद थांबला नाही. माझे मत बँकवाल्यांच्या बाजूने झुकते. पण ऐकणारा एवढी सवड देतो ती लेखकाने मिळवलेली असते, हे त्यांनाही नाकारता आले नाही. ‘काजळमाया’ ध्वनीबरोबर ब्रेलमध्येही काढावी, अशी तडजोड शेवटी निघाली.

संध्याकाळपर्यंत क्रम ठरला तो असा : ‘बनगरवाडी’, ‘स्मृतिचित्रे’, ‘ऋतुचक्र’, मग ‘काजळमाया’ आणि ‘कोसला’. या पुस्तकांच्या संकलनात वाचकाने घेतलेल्या विरामांना हात लावायचा नाही, अशी सूचना मला तोंडी देण्यात आली. इतिवृत्त लिहिताना मात्र कार्यालयातल्या बाई अडल्या. खर्च मंजूर करायचा तर निवडीचे कारण लिहायला हवे, आणि “श्रोते ही पुस्तके सावकाश ऐकतात” हे कारण लेखापरीक्षकांपुढे टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बरीच शब्दांची ओढाताण झाल्यावर “श्रोत्यांच्या मागणीनुसार” असे लिहिण्यात आले. पुढे लेखापरीक्षणात त्या ओळीखाली लाल खूण झाली : मागणीच्या नोंदवहीत ‘ययाति’ पहिल्या क्रमांकावर असताना ती यादीत का नाही, याचा खुलासा करावा.